सदर शिक्षण, विहिरीसह

कँटीनचा चहा पातळ झाला तेव्हा सरांनी आयोग नेमला. अध्यक्ष ते स्वतः, सचिव मी, आणि तिसरा सदस्य म्हणून खुद्द कँटीनवाल्यालाच घेतलं. ज्याच्याबद्दल शिफारस करायची त्यालाच बाहेर ठेवल्यामुळे आपल्या देशातले निम्मे अहवाल कपाटात गेले, असं त्यांचं म्हणणं. आठवडाभर साक्षी झाल्या. शिपाई, ग्रंथपाल, पहिल्या वर्षाची मुलं, सगळ्यांनी चहाबद्दल गंभीरपणे सांगितलं. कँटीनवाल्याने भिन्नमतपत्रिका जोडली. चहा पातळ नसून स्टाफची जीभ जाड झाली आहे, असं तिच्यात होतं. अहवाल प्राचार्यांना सादर झाला आणि चहा होता तसाच राहिला. सर मात्र खूश. म्हणाले, "मॅडम, भारतातल्या शिक्षणाचा निम्मा इतिहास तुम्हाला आज कळला."

उरलेला निम्मा कळायला मला त्यांच्याबरोबर बरीच वर्षं काढावी लागली.

आमचं कॉलेज शिरूर तालुक्यात, उसाच्या मधोमध. मी तिथे अर्थशास्त्र शिकवते, तासिका तत्त्वावर. म्हणजे तास झाला तर मी प्राध्यापक, नाही झाला तर पाहुणी. सर कायम नोकरीतले, सगळ्यांत ज्येष्ठ, शिक्षणशास्त्राचे. शिक्षणाचा इतिहास हा त्यांचा खास विषय, आणि स्वातंत्र्याच्या आधीपासून आजपर्यंत जेवढे म्हणून आयोग, समित्या आणि धोरणं झाली ती त्यांना घरच्या माणसांसारखी माहीत. कोण तापट, कोण कंजूष, कोण नुसतं गोड बोलून गेलं. मुलं त्यांना मागे 'आयोग' म्हणत. त्यांना ते ठाऊक होतं, आणि त्यांची हरकत एवढीच होती की मागे का म्हणता, पुढे म्हणा.

राहायला ते दौंडला. बायको रेल्वेच्या दवाखान्यात नर्स, म्हणून घर रेल्वे कॉलनीत. रोज दौंडहून चौफुल्याला यायचं, तिथे गाडी बदलायची आणि न्हावऱ्यामार्गे कॉलेज गाठायचं. "आमच्या घरात पगार रेल्वेचा आणि उशीर माझा," असं ते सांगत, आणि खरोखरच उशिरा येत. प्राचार्य घड्याळाकडे बघू लागले की सर म्हणत, "शिक्षण या देशात कधी वेळेवर आलंय?" प्राचार्य हजेरीपुस्तक पुढे सरकवत. सरांना उत्तर नसलेले प्रश्न विचारायची वाईट खोड होती.

आमच्या वर्गांना दोन दारं आहेत. पुढचं शिक्षकाचं, मागचं उशिरा येणाऱ्या मुलांचं. सर कायम मागच्या दाराने आत येत आणि शेवटच्या बाकापाशी उभे राहून शिकवत. पुढे बसलेल्या हुशार मुलींच्या माना अवघडत. एकीने लेखी तक्रार केली. सरांनी ती वर्गात वाचून दाखवली, शुद्धलेखनाचे गुण दिले आणि म्हणाले, "बाळा, शिक्षणाच्या इतिहासात पुढच्या दाराने मोजकेच आले. मुली, गावकुसाबाहेरचे, कामगार, सगळे मागच्या दाराने आले. ज्या दाराने लोक आले, त्या दारात उभं राहावं." मुलीला ते पटलं की नाही माहीत नाही. दुसऱ्या दिवशी ती मागच्या बाकावर बसली आणि पुढची पोरं आपोआप मागे सरकू लागली. मग पुढचे बाक रिकामे पडले आणि आमच्या समन्वयकांनी त्याचीही तक्रार केली.

त्यांचा अभ्यासक्रम कधी पूर्ण झाला नाही. मार्च उजाडायचा आणि सर अजून इंग्रजांत असायचे. मुलांना स्वातंत्र्य मिळायचं ते परीक्षेच्या आदल्या रात्री, तेही गाइडमधून. एकदा मी स्टाफरूममध्ये चिडून बोलले, "सर, पोरांची परीक्षा तोंडावर आलीय आणि तुम्ही अजून इंग्रजांना हाकललं नाही." सर शांतपणे म्हणाले, "इंग्रज गेले हे मला मान्य आहे मॅडम. पण परीक्षा त्यांचीच आहे." मला त्यांचा राग यायचा तो असा. भांडण काढावं आणि आपणच हसून बसावं. ज्या दिवशी ते रजेवर असत त्या दिवशी मात्र स्टाफरूम ओस वाटायची, हेही खरं.

वर्गात ते काय करत हे मी दाराबाहेरून अनेकदा ऐकलंय. एक दिवस झिरपणीचा सिद्धांत चालू होता. इंग्रजांचं म्हणणं असं की वरच्या मोजक्यांना शिकवा, त्यांच्याकडून ज्ञान हळूहळू खाली झिरपेल. सरांनी पोरांना विचारलं, "तुमच्या कालव्याच्या चारीचं पाणी वरच्याच्या रानातून खालच्याच्या रानात कधी येतं?" शेवटच्या बाकावरचा एक पोरगा बसल्या जागेवरून म्हणाला, "वरचा झोपल्यावर, सर." वर्ग खदखदून हसला. सर हसले नाहीत. त्यांनी फळ्यावर ते उत्तर जसंच्या तसं लिहिलं, खाली त्या पोराचं नाव लिहिलं, आणि अंतर्गत परीक्षेत त्याला पैकीच्या पैकी गुण दिले. त्याने बाकी पेपर कोरा ठेवला होता. प्राचार्यांनी जाब विचारला तेव्हा सर म्हणाले, "मी हा सिद्धांत इतकी वर्षं शिकवतोय, मला तो आत्ता समजला. गुण कुणाला देऊ?"

एका शब्दावर मात्र ते अडून बसत. कुणी 'माझ्या आईची शाळा सुटली' असं म्हणालं की सर तास थांबवत. "सुटते ती गाडी. घंटा होऊन सुटते ती शाळा, आणि दुसऱ्या दिवशी परत भरते. तुझ्या आईची शाळा सोडवली. कुणी सोडवली ते घरी विचारून ये." पोरं घरी विचारून येत. त्यातून एक-दोन घरांत भांडणं झाली आणि एक आजोबा काठी घेऊन कॉलेजात आले. सरांनी त्यांना खुर्ची दिली, कँटीनचा पातळ चहा दिला आणि तासभर त्यांच्याच शाळेबद्दल विचारलं. आजोबा जाताना सरांचा हात हातात घेऊन गेले. काठी विसरले, ती नातवाने नेली.

मग शिक्षणाचं धोरण बदललं. सगळीकडे बदललं तसं आमच्याकडेही. दिवसभराचं प्रशिक्षण, पडद्यावर रंगीत चौकटी, मेजर, मायनर, क्रेडिट. शहरातून आलेला तरुण प्रशिक्षक सांगत होता की आता विद्यार्थी केव्हाही बाहेर पडू शकतो आणि केव्हाही परत आत येऊ शकतो. सगळे माना डोलावत होते. सर मागच्या रांगेतून उठले. आता तासभर जाणार म्हणून मी कपाळाला हात लावला. पण ते एवढंच बोलले, "बाहेर पडायला आपल्या माणसांना धोरण कधीच लागलं नाही. आत यायची सोय केलीत, ही चांगली गोष्ट आहे. आता ती पाळली जाते का एवढंच बघायचं." आणि खाली बसले. त्यांनी कुठल्याही धोरणाला चांगलं म्हणताना मी तेवढंच ऐकलं.

रझियाचं प्रकरण त्याच उन्हाळ्यातलं.

मी शिक्रापूरला भाड्याच्या खोलीत राहते. हायवेला लागून ओळीने खोल्या, सगळ्या कंपनीतल्या लोकांच्या. शेजारच्या खोलीत रझिया. नवरा गोडाऊनला फोर्कलिफ्ट चालवतो, ती गाड्यांच्या वायरिंगच्या कंपनीत सेकंड शिफ्टला. माहेर दौंडचं, वडिलांची तिथे छोटी बेकरी. बारावी होऊन तिला बरीच वर्षं झाली होती. सुट्टीच्या दिवशी ती आमच्या खोल्यांपुढच्या व्हरांड्यात बिहार आणि यूपीहून आलेल्यांच्या पोरांना मराठी बाराखडी शिकवायची, आणि पोरं तिला 'टीचर' म्हणायची. तिला खरीच टीचर व्हायचं होतं. हे ती लाजत सांगत नसे, शिफ्टची वेळ सांगावी तसं सांगायची. आधी बी.ए., मग बी.एड. आमच्या कॉलेजचे तास सकाळचे, तिची शिफ्ट दुपारची. सगळं बसत होतं. मीच तिला फॉर्म भरायला लावला.

अडलं ते खंडाच्या कागदावर. शिक्षणात वर्षं वाया गेली असतील तर शिक्षणात खंड का पडला याचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. तिला रजा मिळेना, म्हणून तिचे अब्बा दौंडला तहसील कचेरीबाहेर टाइप करणाऱ्याकडे गेले. म्हणाले, लेकीच्या शिक्षणाच्या खंडाचा कागद करून द्या. आता आमच्या भागात कचेरीबाहेर 'खंड' म्हटलं की एकच अर्थ. जमीन दुसऱ्याला कसायला देऊन वर्षाला ठरलेला मोबदला घेतात तो. टाइप करणाऱ्याच्या मागे गर्दी होती. त्याने संगणकावरचा खंडाचा तयार मसुदा उघडला, 'जमीन' होतं तिथे तिथे एका फटक्यात 'शिक्षण' घातलं, शिक्का मारून मोकळा झाला.

प्रवेशाचा शेवटचा दिवस. अर्ज संध्याकाळी पाचपर्यंत पोर्टलवर चढवायचा होता. शिफ्ट बुडवून आलेली रझिया आणि तिचे अब्बा प्राचार्यांच्या केबिनमध्ये उभे, मी त्यांच्यासोबत. संस्थेचे चेअरमन त्या दिवशी नवीन इमारतीचं काम बघायला आले होते, ते कोपऱ्यातल्या सोफ्यावर बसलेले. सगळे त्यांना आप्पा म्हणतात. मोठे बागायतदार, दूध संघात वजन, आणि कॉलेज त्यांच्या वडिलांनी स्वतःची जमीन देऊन उभं केलेलं. त्यामुळे कॉलेजवर त्यांचं प्रेम होतं आणि शिक्षणाशी ओळख बेताची. त्यांनीच तोंडी सांगून ठेवलं होतं की यंदा खंड पडलेल्यांना घ्यायचं नाही. कॉलेजचं मूल्यांकन करायला समिती येणार होती, आणि अशा बाया मध्येच सोडून जातात, मग गळतीचा आकडा वाढतो.

प्राचार्यांनी तेच जरा गोल गोल भाषेत रझियाला सांगितलं. मग तो कागद उचलला. "आणि हे काय आणलंय तुम्ही?" असं म्हणून मोठ्याने वाचू लागले. "सदर शिक्षण हे लिहून देणार यांच्या स्वतःच्या मालकीचे असून त्यावर कोणताही बोजा नाही. सदर शिक्षण अडचणीपोटी खंडाने दिले असून, त्यातील विहीर व झाडे यांसह, मुदत संपताच मूळ मालकास बिनतक्रार परत मिळेल."

हेडक्लार्क हसला. प्राचार्य हसले. अब्बा म्हणाले, "साहेब, मी तर खंडच म्हणालो होतो." रझिया टेबलाच्या कडेकडे बघत होती. पाच वाजायला थोडाच वेळ होता, नवीन कागद दौंडहून येणं शक्य नव्हतं, आणि वर्ष गेलं तर ती पुन्हा येणार नाही हे मला तिच्याकडे बघून कळत होतं. माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी काहीतरी वावगं बोलणार, तेवढ्यात सर आले. त्या दिवशी त्यांची प्रवेशाची ड्यूटी दुपारची, आणि चौफुल्याची गाडी चुकल्यामुळे नेहमीपेक्षाही उशिरा.

त्यांनी कागद घेतला आणि उभ्यानेच वाचला. मग पुन्हा वाचला. त्यांचा चेहरा तो चारीच्या पाण्याचा पोरगा बोलला होता तेव्हासारखा झाला. कागद त्यांनी प्राचार्यांना परत दिला नाही. सोफ्याकडे वळून म्हणाले, "आप्पा, शेतीतलं एक विचारायचं होतं."

आप्पा सावरून बसले. शिक्षणातलं विचारलं की ते प्राचार्यांकडे बघत, शेतीतलं विचारलं की विचारणाऱ्याकडे. "इचारा की."

"एकाने अडचणीपोटी आपलं रान खंडाने दिलं. मुदत संपली, मालक बांधावर आला. आता कसणारा म्हणतो, तू इतकी वर्षं फिरकला नाहीस, तुला आता जमायचं नाही, तू मध्येच सोडून जाशील. रान देत नाही. तर काय करायचं?"

"आसं कुठं आस्तंय व्हय?" आप्पा म्हणाले. "रान ज्याचं त्याचं. मुदत सरली का सोडायचं. त्यो नांगरंल न्हाईतर पडीक ठिवंल, कसणाराला काय करायचंय?"

"कसणारा म्हणतो, तालुक्याचे लोक पीक बघायला येणार आहेत. याच्या हातात दिलं तर माझं नाव खराब होईल."

"ही लबाडी हाय, सर. दुसऱ्याचं रान दाबून ठिवायला कारणं लई घावत्यात. माझ्याफुडं आला तर पयल्यांदा म्याच त्येला बांधावनं हुसकीन."

सरांनी कागद त्यांच्या हातात दिला. आप्पांनी चष्मा लावला आणि ओठ हलवत वाचायला सुरुवात केली. विहिरीपाशी आले तेव्हा हसले. पुढे वाचता वाचता हसू थांबलं. त्यांनी कागद खाली ठेवला आणि पहिल्यांदाच रझियाकडे नीट बघितलं.

"तुमचं शिक्षान कवा बंद पडलं, बाई?"

"बारावी झाली आन् लगीन झालं, आप्पा. मंग पोरगी झाली. मंग सासू आजारी पडली. म्या सोडलं न्हवतं."

"आन् आता मधीच सोडून गेलात तर?"

रझिया उत्तर देण्याआधी सर म्हणाले, "तर तिचं रान पडीक राहील. आत्ता तुम्हीच म्हणालात, कसणाऱ्याला काय करायचंय."

आप्पांनी चष्मा काढून खिशात ठेवला. मग प्राचार्यांना म्हणाले, "करा सही."

हेडक्लार्कने तोच कागद पोर्टलवर चढवला. यंत्राला विहीर खटकली नाही. दुरुस्त केलेला कागद अब्बांनी दुसऱ्या दिवशी आणून दिला, पण सरांनी जुना मागून घेतला आणि त्याची प्रत त्या वर्षी पहिल्याच तासाला वाचली. स्वातंत्र्यानंतरचं काहीतरी त्यांनी वर्गात शिकवलं ते तेवढंच. रझिया टिकली. आता ती तिसऱ्या वर्षाला आहे, शिफ्ट करून येते आणि तासाला जांभई देते, पण येते. सर मागच्या जूनमध्ये निवृत्त झाले. निरोपाच्या भाषणात सगळ्यांनी त्यांच्या व्यासंगाबद्दल सांगितलं. मला बोलायला लावलं असतं तर मी एकच गोष्ट सांगितली असती, ती अशी.

प्रवेशाला मुदतवाढ मिळाली. ती दरवर्षी मिळते. रझियाच्या प्रवेशानंतरच्या सोमवारी सकाळी आप्पांची पांढरी गाडी गेटात येऊन थांबली. आम्ही समजलो, इमारतीचं काम बघायला आले. गाडीतून उतरली त्यांची धाकटी सून. लग्न झालं तेव्हा ती बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होती, हे गावात सगळ्यांना माहीत होतं आणि सगळे विसरले होते. हातात प्लास्टिकच्या पिशवीत मार्कशीटा. ती सरळ प्रवेशाच्या टेबलापाशी आली. टेबलावर त्या दिवशी सर आणि मी होतो.

"आप्पांनी घरी गंमत म्हणून सांगितलं," ती म्हणाली. "त्या बाईंच्या कागदाचं. सगळे हसले. मी भाकरी वाढत होते. मी इचारलं, आप्पा, माझी मुदत कवा संपायची?"

"मग?" मी विचारलं.

"मग कुणी हसलं न्हाई."

सरांनी फॉर्म तिच्यापुढे सरकवला, पेन दिलं. ती लिहू लागली. बऱ्याच दिवसांनी लिहीत होती, अक्षर मोठं येत होतं. शेवटी तिने सही केली आणि ती नीट आली का ते वाकून बघितलं.

आप्पा अजून गाडीतच होते. सर उठून बाहेर गेले, मीही गेले. आप्पांनी काच खाली केली. डोळे रात्री झोप न झालेल्या माणसाचे.

"सर, तुमी एका बाईचं बोलला व्हता," ते म्हणाले. "ह्या पोरीनं इचारलं आन् माझ्या तोंडातला घास तोंडातच ऱ्हायला. तवापस्नं इचार करतोय. एवढी वर्सं हिचं रान म्याच कसलं. पाव्हणंरावळं, गोठा, माझं दुखणंखुपणं, समदं त्याच्यातच पिकलं. आन् खंड तर कवा दिलाच न्हाई."

सर गाडीच्या दारापासून बाजूला सरले. आप्पांनी गाडीचं दार उघडलं, खाली उतरले आणि खिशातलं पेन काढलं.

"पालक म्हनून सही कुठं करू, त्ये दावा."

"पालकाची लागत नाही, आप्पा," सर म्हणाले. "मालकाची झालीय."